चिनी लढाऊ विमानांवरचे इलेक्ट्रॉनिक स्कॅनिंग रडार: ओळखायचे कसे, तुलना कशाची करायची

प्रश्न असा आहे: जे-१०सी, जे-१६, जे-२० या चिनी विमानांवर एसा (सक्रिय इलेक्ट्रॉनिक स्कॅनिंग) रडार आहे असे सगळीकडे लिहिलेले असते. हे नेमके कशावरून ठरवतात? आणि टीआर (प्रेषक-ग्राहक) मॉड्यूलची संख्या किंवा किलोमीटरमधला पल्ला घेऊन त्यांची राफेलशी, सुखोईशी तुलना करता येते का?

पहिल्या भागाचे उत्तर: फोटोवरून बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो, पण एका खुणेवर कधीच विसंबू नये. दुसऱ्याचे उत्तर: किलोमीटरच्या आकड्यावरून तुलना करू नये. अँटेनाच्या तोंडाचे क्षेत्रफळ, मॉड्यूलची संख्या आणि उष्णता बाहेर काढायची सोय या तीन गोष्टींवरून करावी.

आधी शब्द स्पष्ट करून घेऊ. इलेक्ट्रॉनिक स्कॅनिंग म्हणजे अँटेना न हलवता, तिच्या शेकडो छोट्या घटकांमधल्या लहरींची कला (म्हणजे लहरींच्या चढउताराची वेळ) पुढेमागे करून शलाका, म्हणजे रडारचा झोत, वळवणे. याचे दोन प्रकार. निष्क्रिय अॅरेमध्ये (अॅरे म्हणजे अशा घटकांची जाळी) मागे एकच मोठी प्रेषक नळी असते आणि तिची शक्ती वेव्हगाइडमधून, म्हणजे लहरी वाहून नेणाऱ्या पोकळ धातूच्या नळीतून, सगळ्या घटकांना वाटली जाते. प्रत्येक घटकापाशी फक्त फेज शिफ्टर, म्हणजे कला बदलणारा भाग, असतो. सक्रिय अॅरेमध्ये, म्हणजेच एसामध्ये, प्रत्येक घटकामागे स्वतःचा छोटा प्रेषक आणि ग्राहक असतो, तेच टीआर मॉड्यूल. निष्क्रिय प्रकाराला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘पेसा’ म्हणतात, पण आपल्याकडे हा शब्द आदिवासी क्षेत्राच्या कायद्यासाठी रुळलेला आहे, म्हणून इथे सक्रिय आणि निष्क्रिय हेच शब्द वापरतो.

रडोम, म्हणजे रडारवरचे नाकाचे आवरण, उघडलेला फोटो मिळाला तर काम सोपे होते. जुन्या यांत्रिक (अँटेना मोटारीने फिरवणाऱ्या) रडारची पट्टी, म्हणजे अँटेना, सपाट, तिच्यावर बारीक चिरांच्या रांगा, आणि बऱ्याचदा पट्टीच्या तोंडावर बसवलेले शत्रू-मित्र ओळखयंत्राचे छोटे उभे डायपोल. पट्टीच्या मागे दोन अक्षांवर फिरणारा गिंबल आणि त्याच्या मोटारी दिसतात. निष्क्रिय अॅरे जाडजूड असतो. त्याच्या पाठीकडे वेव्हगाइड येतो, प्रेषकाचा डबा वेगळा असतो. सक्रिय अॅरेच्या तोंडावर सारख्या अंतरावर घटकांची जाळी, आणि पाठीमागे वीजपुरवठ्याचे जाड केबल व शीतकाच्या येण्याजाण्याच्या नळ्या. जाड वेव्हगाइड नाही आणि शीतकाच्या नळ्या थेट अॅरेच्या पाठीत शिरल्या आहेत, ही जोडी दिसली की तो सक्रिय असण्याची शक्यता खूप मोठी. फक्त ‘गिंबल नाही’ यावरून सक्रिय म्हणू नका, कारण निष्क्रिय अॅरेही स्थिर बसवतात. उलट ‘गिंबल आहे’ म्हणून यांत्रिकही म्हणू नका: रशियन सुखोई-३५ वरचा इर्बिस-ई हा निष्क्रिय अॅरे असून वळवताही येतो, आणि काही सक्रिय अॅरेही फिरत्या बैठकीवर येतात.

चिनी विमानांचे असे उघडे फोटो क्वचितच मिळतात. बहुतेक वेळा हाती असते ते बंद नाक. तिथे तीन खुणा पाहतात.

पहिली, नाकाच्या टोकावरची पिटो नळी. हवेचा वेग मोजणारी ही धातूची नळी रडोमच्या टोकाला असली की ती आणि तिच्या मागच्या नळ्या शलाकेच्या थेट वाटेत येतात आणि बाजूच्या पाकळ्या, म्हणजे मुख्य शलाकेच्या कडेला पसरणारे नको असलेले झोत, बिघडवतात. यांत्रिक रडारला ते चालून जाते. इलेक्ट्रॉनिक स्कॅनिंगला, विशेषतः बाजूच्या पाकळ्या खूप खाली ठेवायच्या असतील तर, ते नको असते. जे-१०ए च्या नाकावर नळी आहे, जे-१०सी चे नाक साफ आहे. सुखोई-३०एमकेके च्या नाकावर नळी आहे, त्याच घराण्यातल्या जे-१६ च्या नाकावर नाही. या खुणेत चूक होते ती चाचणीच्या नमुन्यांमुळे. नव्या विमानाचे सुरुवातीचे नमुने, आत कोणतेही रडार असो वा रडारच नसो, मोजमापासाठी नाकावर लांब दांडी लावून उडतात. म्हणून नमुन्याच्या फोटोवरून निष्कर्ष काढू नये, तुकडीत दाखल झालेल्या विमानाचा फोटो घ्यावा.

दुसरी खूण रडोमचा रंग. जे-११बी काळ्या रडोमने ओळखला जायचा. त्याच विमानाच्या सुधारित जे-११बीजी आवृत्तीला फिकट राखाडी रडोम आला आणि त्यात सक्रिय अॅरे असल्याचे मानले जाते. रंगाचा रडारशी थेट संबंध नसतो. काळा रंग हा पावसाच्या माऱ्यापासून आणि स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या लेपाचा असतो. पण नवीन अॅरेला अधिक रुंद वारंवारता-पट्टा लागतो, त्यासाठी रडोमची भिंत नव्या जाडीची आणि नव्या थरांची बनवावी लागते, आणि नवा रडोम नवा लेप घेऊन येतो. म्हणजे रंगातला बदल हा ‘रडोम बदलला’ याचा पुरावा आहे, ‘आत काय आहे’ याचा नाही. कारखान्याच्या धावपट्टीवरची पिवळ्या प्रायमरमधली विमाने पाहताना तर रंगाकडे लक्षच देऊ नये.

तिसरी खूण रडोमच्या बुडाचा कोन. सक्रिय अॅरे स्थिर असेल तर तो थोडा वर कलता बसवतात. समोरून आलेली शत्रूच्या रडारची लहर मग सरळ परत न जाता वर फेकली जाते. एप्रिल २०१५ मध्ये पहिल्यांदा उडालेल्या जे-११डी च्या नाकाचा वर झुकलेला आकार याच कारणाने लगेच डोळ्यांत भरला. बाजूने काढलेल्या फोटोत रडोम आणि धड यांच्यातली सांध्याची रेघ उभी आहे की तिरकी, हे पट्टी लावून पाहा. तिरकी असेल तर अॅरे बहुधा स्थिर आणि कलता. ही खूण मला बाकी दोन्हींपेक्षा भरवशाची वाटते, कारण रंग बदलणे सोपे असते, धडाची चौकट बदलणे नसते. मात्र ती सक्रिय-निष्क्रिय वेगळे करत नाही. जे-१०बी वर निष्क्रिय आणि जे-१०सी वर सक्रिय अॅरे असल्याचे सर्वसाधारणपणे मानतात; दोन्हींच्या नाकाची ठेवण जवळजवळ सारखीच आहे.

नावांचा सापळा वेगळा सांगायला हवा. पाकिस्तानच्या जेएफ-१७ च्या ब्लॉक १ आणि २ वर केएलजे-७ रडार आहे, तो यांत्रिक. ब्लॉक ३ वर केएलजे-७ए आहे, तो सक्रिय अॅरे. एका अक्षराचा फरक, आणि त्यावरून कितीतरी लेखांत ब्लॉक २ ला एसा देऊन टाकलेला आढळतो. रडार बनवणाऱ्या मोठ्या संस्था दोन आहेत: नानजिंगची चौदावी संस्था, जी सीईटीसी समूहाची आहे, आणि वूशीची लेइहुआ, जी एव्हीआयसी विमान-समूहाची आहे. दोन्ही जिआंगसू प्रांतातल्याच, आणि एकाच विमानासाठी दोघी आपापला माल पुढे करतात. केएलजे-७ए नानजिंगचा, तो २०१६ च्या चीनमधल्या झुहाई विमान-प्रदर्शनात मांडला होता. २०१८ मध्ये लेइहुआने एलकेएफ६०१ई आणला, हवेने थंड होणारा सक्रिय अॅरे. प्रदर्शनातल्या टेबलावर एखादा रडार दिसला म्हणजे तो विमानात बसला असे नव्हे. निर्यातीसाठी दाखवलेल्या मालाला देशांतर्गत विमानावरचा माल समजणे ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे.

आता तुलनेकडे. इंटरनेटवर जे-१०सी साठी १२००, जे-१६ साठी १७६० आणि जे-२० साठी १८५६ मॉड्यूल असे आकडे फिरत असतात. हे अधिकृत नाहीत, पण ते शक्य कोटीतले आहेत का हे घरबसल्या तपासता येते. लढाऊ विमानांचे रडार एक्स बँडमध्ये चालतात. १० गिगाहर्ट्झला तरंगलांबी ३ सेंमी. शलाका ६० अंशांपर्यंत वळवायची आणि खोट्या पाकळ्या उठू द्यायच्या नसतील तर चौकोनी मांडणीत दोन घटकांमधले अंतर ३ भागिले १.८७, म्हणजे १.६ सेंमीच्या आत ठेवावे लागते. एका घटकाला सुमारे २.६ चौ. सेंमी. त्रिकोणी मांडणीत ही जागा ३ चौ. सेंमीपर्यंत वाढवता येते. प्रत्यक्षातला दाखला घ्या: इर्बिस-ई ची अँटेना ९०० मिमी व्यासाची, घटक १७७२. क्षेत्रफळ ६३६२ चौ. सेंमी, म्हणजे प्रत्येक घटकाला ३.६ चौ. सेंमी. यात कडेची चौकट आणि वाया जाणारी जागा धरलेली आहे. म्हणून २.६ ते ३.६ हा पट्टा धरून चाला.

या पट्ट्याने १२०० घटकांना ६३ ते ७४ सेंमी व्यास लागतो, १८५६ घटकांना ७८ ते ९२ सेंमी. जे-१६ च्या घराण्याच्या नाकात ९० सेंमीची अँटेना मावते हे सुखोई-३५ वरून माहीतच आहे, आणि तेवढ्या जागेत १७६७ ते २४४७ घटक बसतात. म्हणजे १७६० हा आकडा पट्ट्याच्या खालच्या टोकाला आहे, अतिशयोक्त मुळीच नाही. पण उद्या कुणी जे-१०सी ला २००० मॉड्यूल दिली तर पेन्सिल काढून सांगता येईल की त्यासाठी किमान ८१ सेंमीचे तोंड लागेल, आणि ते त्या नाकात दाखवा.

फोटोवरून व्यास मोजताना काय चुकते तेही सांगतो. समजा, बाजूच्या फोटोत पंखाखाली पीएल-१५ क्षेपणास्त्र टांगलेले आहे. त्याचा व्यास २०३ मिमी. तो फोटोत २९ पिक्सेल भरतो, आणि रडोमच्या सांध्याची उंची १२० पिक्सेल भरते. सरळ गुणोत्तराने ८४० मिमी येतात. पण क्षेपणास्त्र कॅमेऱ्याच्या बाजूला पंखाखाली आहे आणि नाक मध्यरेषेवर. कॅमेरा ४० मीटरवर असेल आणि क्षेपणास्त्र मध्यरेषेपासून ३ मीटर अलीकडे, तर ते साडेसात-आठ टक्के मोठे दिसते, आणि खरा व्यास ८४० नसून ९०० च्या वर जातो. शिवाय २९ पिक्सेलमध्ये एका पिक्सेलची चूक म्हणजे साडेतीन टक्के, क्षेत्रफळात सात. म्हणून मोजपट्टी नेहमी मध्यरेषेवरचीच घ्यावी: विमानाची एकूण लांबी किंवा मध्यरेषेखालची टाकी. मग आलेल्या बाहेरच्या व्यासातून रडोमची भिंत, चौकट आणि अॅरेभोवतीची मोकळी जागा वजा करावी लागते. बाहेरचा व्यास आणि अँटेनाचा व्यास यांत गल्लत झाली की घटकांची संख्या दीडपटीने फुगते.

संख्या कळली की पल्ल्याचे काय? सक्रिय अॅरेत मॉड्यूल वाढवले की तीन गोष्टी एकदम वाढतात: एकूण शक्ती, शलाकेची एकाग्रता आणि परतीची लहर गोळा करणारे क्षेत्रफळ. रडारचा पल्ला या तिन्हींच्या गुणाकाराच्या चौथ्या मुळाने वाढतो. म्हणजे पल्ला मॉड्यूलच्या संख्येच्या पाऊण घातांकाने वाढतो. १२०० वरून १७६० वर गेल्यास, मॉड्यूल तेच असले तर, पल्ला ३३ टक्क्यांनी वाढतो. याउलट संख्या तीच ठेवून प्रत्येक मॉड्यूलची शक्ती दुप्पट केली, जसे गॅलियम आर्सेनाइडऐवजी गॅलियम नायट्राइड आणून करतात, तर पल्ला फक्त १९ टक्के वाढतो. ‘अमुक रडार गॅलियम नायट्राइडचा आहे’ एवढ्यावरून मोठे निष्कर्ष काढणाऱ्यांनी हे गणित एकदा करून पाहावे. नाकाची रुंदी अजूनही सर्वांत मोठी गोष्ट आहे. राफेलच्या आरबीई२ रडारमध्ये आठशेहून थोडी अधिक मॉड्यूल असल्याचे सांगितले जाते. तिथे मर्यादा फ्रेंच तंत्रज्ञानाची नाही, विमानाच्या निमुळत्या नाकाची आहे.

आता किलोमीटर. केएलजे-७ए साठी लढाऊ विमानाच्या आकाराच्या लक्ष्यावर १७० किमी असा आकडा दिला जातो. लढाऊ विमानाचा आकार म्हणजे किती? समजा ५ चौ. मी. परावर्तन-क्षेत्र (लक्ष्य रडारला किती मोठे दिसते त्याचे माप) धरले होते. तेच रडार ३ चौ. मी. च्या लक्ष्यावर १५० किमी आणि ०.१ चौ. मी. च्या लक्ष्यावर ६४ किमी देईल. लक्ष्याचे क्षेत्र पन्नासपट कमी झाले तरी पल्ला अडीच-पावणेतीन पटीनेच घटतो, कारण पुन्हा चौथे मूळ. दोन माहितीपत्रकांतले आकडे शेजारी ठेवायचे असतील तर आधी दोन्ही एकाच लक्ष्य-क्षेत्रावर आणावेत. त्यातही शोधाचे क्षेत्र विचारावे. इर्बिस-ई साठी ३ चौ. मी. च्या लक्ष्यावर ३५० ते ४०० किमीचा आकडा दिला जातो. तो समोरून येणाऱ्या लक्ष्यासाठी, आणि फक्त १०० चौरस अंश, म्हणजे दहा बाय दहा अंशांच्या खिडकीत सगळी शक्ती ओतून. आकाश रुंद झाडायचे ठरवले तर प्रत्येक दिशेला मिळणारा वेळ घटतो आणि पल्लाही घटतो.

तिसरी गोष्ट, दिशा. स्थिर अॅरे नाकासमोर उत्तम आणि कडेला दुबळा असतो. ६० अंशांवर त्याचे समोरून दिसणारे क्षेत्रफळ निम्मे होते. जाणे-येणे मिळून सहा ते नऊ डेसिबल कमी होतात, म्हणजे पल्ला साधारण ६० ते ७० टक्केच उरतो, आणि शलाका दुप्पट रुंद होऊन कोनाची अचूकता ढासळते. हे केएलजे-७ए बनवणाऱ्यांनाही ठाऊक आहे. म्हणूनच तो साध्या स्थिर पट्टीसह फिरत्या बैठकीवर आणि दोन बाजूंना जादा पट्ट्या लावून, अशा तीन रूपांत देऊ केला गेला.

मागे नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सने बांधलेल्या सुखोई-३०एमकेआय चा विषय इथे येतोच. त्यावरचा बार्स रडार निष्क्रिय अॅरे आहे, म्हणून तो बिनकामाचा असे म्हणणे अन्यायाचे आहे. निष्क्रिय अॅरेत फेज शिफ्टर आणि वेव्हगाइडमध्ये शक्ती वाया जाते. ते नुकसान एकूण ३ डेसिबल धरले तरी पल्ला १६ टक्के घटतो, आणि मोठी अँटेना ते भरून काढू शकते. खरा फरक दुसरीकडे आहे. निष्क्रिय अॅरेची एकच प्रेषक नळी बिघडली की रडार बंद. सक्रिय अॅरेतली दहा टक्के मॉड्यूल मेली तरी पल्ला साडेसात टक्क्यांनीच कमी होतो. त्याआधी बाजूच्या पाकळ्या वर येऊन जॅमिंगला, म्हणजे शत्रूने सोडलेल्या गोंधळ-लहरींना, वाट मिळते, तो भाग जास्त त्रासाचा. शिवाय सक्रिय अॅरे नाडीगणिक वारंवारता बदलत रुंद पट्ट्यात पसरू शकतो. म्हणून शत्रूच्या इशारा-यंत्राला, म्हणजे विमानावर रडारची शलाका पडल्याचे सांगणाऱ्या यंत्राला, तो ओळखायला अवघड जातो. यांत्रिक रडारची शलाका ठरावीक ठेक्याने येऊन जाते, तो ठेका यंत्राच्या नोंदीत लगेच दिसतो. शलाका उड्या मारू लागली की इलेक्ट्रॉनिक स्कॅनिंग आहे एवढे कळते. पुढे सक्रिय की निष्क्रिय हे वारंवारतेच्या पसाऱ्यावरून ठरवावे लागते.

शेवटी उष्णता, जिच्याकडे तुलना करणारे सहसा पाहतच नाहीत. १००० मॉड्यूल, प्रत्येकी १० वॅट, म्हणजे शिखर शक्ती १० किलोवॅट. त्यातला पाचवा हिस्सा वेळ प्रक्षेपण चालू, म्हणजे सरासरी २ किलोवॅट. एकूण कार्यक्षमता २५ टक्के धरली तर ८ किलोवॅट वीज आत जाते आणि ६ किलोवॅट उष्णता बनून त्या पट्टीतून बाहेर काढावी लागते. द्रवाने थंड करायचे तर पंप, नळ्या, उष्णता-विनिमयक, गळतीची तपासणी आणि हे सगळे ठेवायला धडात जागा हवी. जुन्या जेएफ-१७ मध्ये ती सोय नाही, म्हणून एलकेएफ६०१ई चे महत्त्व: हवेवर थंड होणारा अॅरे जुन्या रडारच्या जागेवर, विमानाची फारशी मोडतोड न करता बसवता येतो. त्याची किंमत उंचावर मोजावी लागते, जिथे हवा विरळ असल्याने तेवढीच उष्णता वाहून न्यायला कितीतरी जास्त हवा खेळवावी लागते. म्हणून एखाद्या जुन्या विमानाला नवे रडार बसल्याची बातमी आली की नाकाच्या रंगाआधी धडावर हवा घेणारे नवे छोटे तोंड किंवा जाळी आली आहे का ते बघा, आणि आली नसेल तर ही ६ किलोवॅट उष्णता कुठून बाहेर जाते हा प्रश्न विचारा.